पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दुखणे कमी करणारा ‘ब्लॉक’ : माहिती आणि अनुभव हवे आहेत

सुरंगी

नमस्कार. माझ्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात गाठ निघाली आहे आणि येत्या मंगळवारी रत्नागिरीतल्या एका रुग्णालयात पोट उघडून ती काढायची ठरली आहे. अप्पांचे वय ६९, वजन ५८ किलो. सात महिन्यांपूर्वी हृदयात स्टेंट बसवल्यामुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत. त्यांतली एक शस्त्रक्रियेपूर्वी मोजके दिवसच बंद ठेवायची आणि नंतर लवकरात लवकर पुन्हा सुरू करायची, असे हृदयरोगतज्ज्ञांनी बजावले आहे. त्यामुळे पाठीत एपिड्युरलची नळी, म्हणजे कण्याजवळ बधिर करणारे औषध सोडणारी बारीक नळी, घालायला भूलतज्ज्ञ तयार नाहीत. त्याऐवजी पोटाच्या भिंतीत ब्लॉक देऊ, असे ते म्हणाले. बाहेर रांग होती, म्हणून याहून जास्त विचारता आले नाही.

हा ब्लॉक म्हणजे नेमके काय, त्याने पाय बधिर होतात का, तो किती तास टिकतो आणि तो दिल्यावर वेदनेची दुसरी औषधे लागतच नाहीत का, हे मला समजून घ्यायचे आहे. अप्पांनी त्यांच्या थोरल्या भावाला पोटाच्या ऑपरेशननंतर तीन दिवस कण्हताना पाहिले आहे. त्यांना गाठीपेक्षा त्या तीन दिवसांची धास्ती अधिक आहे.

चिरेबंदी

माझे दोन्ही बाजूंच्या हर्नियाचे ऑपरेशन गेल्या जूनमध्ये झाले. खरे तर ते फेब्रुवारीतच व्हायचे होते. पण आंब्याचा हंगाम तोंडावर असताना बागायतदार खाटेवर पडून राहिला तर पेट्या कोण भरणार, म्हणून मीच पुढे ढकलले. डॉक्टर रागावले आणि त्यांचे बरोबरच होते. मला कमरेखाली भूल दिली होती आणि शेवटी जांघेजवळ दोन्हीकडे एकेक इंजेक्शन दिले. संध्याकाळी मी चालत संडासला गेलो. रात्री दोनच्या सुमारास मात्र असे दुखू लागले, की हंगाम परवडला असे वाटले. ब्लॉक उतरला की दुखणे हळूहळू वाढत नाही, एकदम येते, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवे होते.

गुंगीवाला

मी भूलतज्ज्ञ आहे. सिंधुदुर्गातल्या चार-पाच रुग्णालयांत फिरून काम करतो. सुरंगीताई, अप्पांना मी तपासलेले नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा. शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

पोटाच्या बाजूच्या भिंतीत स्नायूंचे तीन थर असतात : बाहेरचा तिरका, आतला तिरका आणि सर्वांत आत आडवा. बरगड्यांखालून आणि कमरेतून निघणारे मज्जातंतू आतला तिरका आणि आडवा यांच्या मधल्या फटीतून पुढे येतात आणि पोटाच्या कातडीपर्यंत पोहोचतात. त्या फटीत बधिर करणारे औषध सोडले, की एकेक मज्जातंतू शोधत बसावे लागत नाही. औषध पसरते आणि वाटेतल्या सगळ्यांना गाठते. याला ट्रान्सव्हर्सस अ‍ॅब्डॉमिनिस प्लेन ब्लॉक, थोडक्यात टॅप ब्लॉक म्हणतात. २००१ साली डॉ. रफी यांनी कमरेवरच्या त्रिकोणातून नुसत्या हाताच्या अंदाजाने तो देण्याची पद्धत मांडली आणि २००७ मध्ये डॉ. हेबर्ड आणि सहकाऱ्यांनी तिला सोनोग्राफीची जोड दिली. पडद्यावर हे थर करड्या पट्ट्यांसारखे दिसतात. औषध बरोबर जागी गेले, की दोन पट्ट्यांच्या मधे होडीच्या आकाराची काळी पोकळी उघडत जाते. इतकी वर्षे झाली, तरी ती होडी दिसेपर्यंत माझा जीव भांड्यात पडत नाही.

आता तुमचा महत्त्वाचा प्रश्न. हा ब्लॉक पोटाची भिंत बधिर करतो, पोटातले आतडे नव्हे. कापलेल्या कातडीची आणि स्नायूंची तीक्ष्ण वेदना, म्हणजे खोकताना, कूस बदलताना, उठताना जी कळ येते ती, पुष्कळ कमी होते. आतड्यातून येणारे खोल, मुरडा आल्यासारखे दुखणे वेगळ्या मज्जातंतूंवाटे जाते. त्याला हा ब्लॉक काही करत नाही. म्हणून पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी द्यावेच लागते आणि गरज पडली तर त्याहून तीव्र औषधही. फायदा हा, की ते तीव्र औषध कमी लागते, त्यामुळे मळमळ आणि गुंगी कमी राहते आणि आतडी लवकर हलू लागतात.

एकदाच दिलेला ब्लॉक साधारण ८ ते १२ तास चालतो, कधी थोडा जास्त. पायांवर सहसा परिणाम होत नाही. क्वचित औषध खाली मांडीच्या मज्जातंतूपर्यंत ओघळले, तर काही तास पाय लटपटतो. त्यामुळे पहिल्यांदा उठताना शेजारी माणूस हवाच.

नारळीपाक

आमच्या वाडीत मे महिन्यात कुठल्याच टॅपमधून काही येत नाही, त्यामुळे १२ तास चालणारा टॅप ऐकूनच बरे वाटले. सुरंगीताई, विनोदाबद्दल क्षमस्व. अप्पांना शुभेच्छा.

ओहोटी

मला इतके गोड चित्र रंगवणे पटत नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या बायकोचे पोटाचे मोठे ऑपरेशन झाले; चीर बेंबीच्या बरीच वरपासून थेट खालपर्यंत होती. रुग्णालयाचे नाव घेत नाही. दोन्ही बाजूंना ब्लॉक दिला आहे, आता काळजी नको, असे आम्हाला सांगण्यात आले. शुद्धीवर आल्यावर बेंबीच्या खाली तिला चिमटा काढला तरी समजत नव्हते आणि बेंबीच्या वर हात लावू देत नव्हती. मी तीनदा सांगायला गेलो आणि तिन्ही वेळा ‘ब्लॉक दिलाय, दुखणार नाही’ हेच उत्तर मिळाले. समोरचा माणूस दुखते म्हणत असताना कागदावर दुखणार नाही असे लिहिले आहे म्हणून औषध न देणे, ही कुठली रीत? बिलात मात्र ‘विशेष वेदनाशमन’ अशी स्वतंत्र ओळ होती, जिच्याबद्दल आधी कोणी चकार शब्द काढला नव्हता.

गुंगीवाला

ओहोटी, तुमचा राग रास्त आहे. तुम्ही जे पाहिले त्याला कारण आहे. कमरेच्या बाजूने दिलेला नेहमीचा टॅप ब्लॉक मुख्यतः बेंबीच्या पातळीपासून खालचा भाग बधिर करतो. वरच्या भागासाठी बरगडीच्या कडेखालून आणखी एक इंजेक्शन लागते, म्हणजे दोन्हीकडची धरून चार. मधोमध उभी चीर असेल तर पोटाच्या पुढच्या सरळ स्नायूच्या आवरणात देण्याचा रेक्टस शीथ ब्लॉक हाही चांगला पर्याय आहे. चीर कुठून कुठे जाणार हे पाहूनच ब्लॉक निवडायचा असतो. तो करूनही कधीकधी एखादी बाजू नीट धरत नाही. अशा वेळी पुन्हा तपासून दुसरे औषध सुरू करायचे असते. तुमच्या पत्नीच्या बाबतीत ते झाले नाही, याचे समर्थन मी करणार नाही.

सुरंगीताई, तुमच्या डॉक्टरांना एवढेच विचारा : चीर बेंबीच्या वर जाणार आहे का, आणि गेली तर वरचा भाग कशाने बधिर करणार?

टाकेवाला

मी चिपळूण भागात शस्त्रक्रिया करतो. गुंगीवाल्यांशी माझे अर्धे मतभेद आहेत. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना भोके असतात बोटाच्या पेराएवढी. त्या प्रत्येक भोकाशी मी स्वतः बधिर करणारे औषध टोचतो, आणि त्याहून टॅप ब्लॉकने फार मोठा फरक पडतो असे मला वाटत नाही. शिवाय दुर्बिणीनंतर पुष्कळ रुग्णांचा खांदा दुखतो. पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे श्वासपटल चुरचुरते आणि त्याच्या मज्जातंतूचा उगम मानेत असल्यामुळे दुखणे खांद्यात जाणवते. त्याला पोटाच्या भिंतीतला कोणताही ब्लॉक पुरा पडत नाही. माझ्या एका रुग्णाने तर टेबलावर खांदा मुरगळला म्हणून माझ्याशी भांडण काढले होते.

पोट उघडून केलेल्या मोठ्या शस्त्रक्रियेत मात्र ब्लॉक उपयोगी आहे, याबद्दल वाद नाही. जिथे सोनोग्राफीचे यंत्र नसते तिथे दुर्बिणीने आतून पाहत मीच बाहेरून सुई घालतो. सुई दोन पडदे भेदते तेव्हा हाताला दोनदा ‘टप्’ असे जाणवते. औषध सोडले, की आतला स्नायू पोटाच्या पोकळीकडे फुगून येताना कॅमेऱ्यात दिसतो. आत पातळ पडद्याखालीच फुगवटा दिसला, तर सुई जास्त खोल गेली असे समजून मागे घ्यायची.

गुंगीवाला

पित्ताशयापुरते टाकेवाल्यांशी मी फार भांडणार नाही. तिथे भोकांशी टोचलेले औषध बहुतेकांना पुरते.

यंत्राचा विषय निघाला म्हणून एक सांगतो, कारण कोकणात तो रोजचा आहे. अनेकांना वाटते, की हातात मावणारे सोनोग्राफीचे यंत्र गाडीत टाकून मी कणकवलीहून देवगडला आणि तिथून मालवणला न्यावे. ते करता येत नाही. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांत आधी कायदा केला आणि १९९४ साली केंद्राचा कायदा आला. २०१२ च्या दुरुस्तीनुसार असे यंत्र, फिरत्या वैद्यकीय पथकांचा अपवाद सोडला तर, ज्या रुग्णालयात त्याची नोंद आहे त्याच्या आवारात आणि तिथे दाखल झालेल्या रुग्णांसाठीच वापरता येते. कायद्यामागचा हेतू मला पूर्ण मान्य आहे. पण त्याचा परिणाम असा, की भूलतज्ज्ञ फिरतो, यंत्र फिरत नाही, आणि ज्या रुग्णालयात यंत्र नाही तिथल्या रुग्णाला हाताच्या अंदाजाने किंवा टाकेवाल्यांच्या पद्धतीनेच ब्लॉक मिळतो.

सायली

सिझेरियनचा अनुभव इथे चालेल ना? पहिल्या वेळी गावाजवळ सिझेरियन झाले, तेव्हा कमरेतली भूल उतरल्यावर दोन्हीकडे ब्लॉक दिला होता. बाळाला पाजायला कुशीवर वळता आले, याचेच मला अप्रूप वाटले होते. दुसऱ्या वेळी मी माहेरी पुण्यात होते. तिथे कमरेतल्या भुलीतच अगदी थोडे मॉर्फिन मिसळले. दुसऱ्या दिवसापर्यंत दुखणे जवळजवळ नव्हते, पण नाकाला आणि गालांना इतकी खाज सुटली, की आई म्हणाली, मुलीला आग्या मोहोळ चावले की काय! ब्लॉक का देत नाही असे मी विचारले, तेव्हा मॉर्फिन दिल्यावर ब्लॉकने फारशी भर पडत नाही, असे उत्तर मिळाले. मग हेच औषध आमच्या गावी का देत नाहीत?

गुंगीवाला

सायलीताई, तुम्हाला मिळालेले उत्तर बरोबर आहे. कमरेतले मॉर्फिन एक मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाएवढे असते आणि त्याचा परिणाम जवळपास दिवसभर राहतो. ते मिळाले नसेल तेव्हा टॅप ब्लॉकचा खरा उपयोग दिसतो. मॉर्फिन अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची गुंतागुंत कमी झाली, तरी साठ्याचा आणि वापराचा हिशेब काटेकोर ठेवावा लागतो, दिल्यानंतर रुग्णाच्या श्वासावर तासातासाने लक्ष ठेवावे लागते आणि तेवढी माणसे दहा खाटांच्या रुग्णालयात रात्री नसतात.

जुनाजाणता

पाठीत सुई घेतली की आयुष्यभर पाठ दुखते, एवढे मला ठाऊक आहे. त्यापेक्षा पोटात टोचलेले शंभर पटींनी बरे.

टाकेवाला

काका, त्या सुईचा आणि कायमच्या पाठदुखीचा संबंध सिद्ध झालेला नाही. सुईच्या जागी दोन-चार दिवस दुखते, ते खरे. बाळंतपणानंतरची पाठदुखी सुईविना प्रसूत झालेल्या बायकांनाही असते.

रात्रपाळी

मी सर्जिकल वॉर्डमध्ये परिचारिका आहे. बावीस वर्षे झाली आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक रात्री मी याच वेदनेच्या संगतीत काढल्या आहेत. चिरेबंदी यांनी लिहिलेली रात्री दोनची वेळ अगदी खरी आहे. दुपारी एक-दोनला ऑपरेशन संपते, ब्लॉक तेव्हाच दिलेला असतो आणि तो रात्री बारा ते तीनच्या दरम्यान उतरतो, जेव्हा वॉर्डात दिवे मंद असतात, नातेवाईक झोपलेले असतात आणि रुग्णाला कोणाला उठवायचा संकोच वाटतो. म्हणून ब्लॉक चालू असतानाच पॅरासिटामॉलची बाटली ठरलेल्या वेळी लावायची असते. आत्ता दुखत नाही तर कशाला, असे नातेवाईक म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो.

दुसरे म्हणजे, आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना ‘दुखते का’ असे विचारून काही कळत नाही. वेंगुर्ल्याच्या एक आजी आठवतात. पोटावर वीतभर चीर आणि तोंडाने ‘माका काय्येक होणा नाय’. मी त्यांना खोकायला सांगितले, तेव्हा त्यांनी माझे मनगट असे आवळले, की बांगडी वाकली. तेव्हापासून मी पडल्या पडल्या किती दुखते आणि खोकताना किती दुखते हे दोन आकडे वेगवेगळे विचारते, शून्य ते दहामध्ये. खोकताना दुखते म्हणून रुग्ण खोकत नाही, खोल श्वास घेत नाही. मग छातीत कफ साचतो आणि न्यूमोनियाची भीती उभी राहते.

सुरंगीताई, घरून एक छोटी, घट्ट उशी घेऊन जा. खोकताना ती दोन्ही हातांनी चिरेवर दाबून धरायची. आणि ब्लॉक किती वाजता दिला ते विचारून कागदावर लिहून ठेवा.

सुरंगी

सर्वांचे मनापासून आभार. उशी बाजूला काढून ठेवली. एक शेवटची शंका : या औषधाचा धोका काय? अप्पांच्या हृदयाकडे पाहून विचारते आहे.

गुंगीवाला

विचारायलाच हवे होते. धोका दोन प्रकारचा. पहिला सुईचा, म्हणजे रक्तस्राव किंवा सुई जास्त खोल जाणे. भिंतीतला हा ब्लॉक तसा वरवरचा आहे, रक्त साकळले तरी बाहेरून दाबता येते. पाठीच्या कण्याजवळ साकळले तर मज्जारज्जूवर दाब येतो. म्हणूनच रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे तुमच्या डॉक्टरांनी हा मार्ग निवडला. कमरेच्या खोल स्नायूजवळ देण्याचा क्वाड्रेटस लम्बोरम नावाचा एक ब्लॉक असतो. तो आतड्याच्या दुखण्यालाही थोडा मदत करतो असे मानतात, पण तो खोल असल्यामुळे अशा रुग्णात मी तो टाळीन.

दुसरा धोका औषधाच्या मात्रेचा. औषध जास्त झाले किंवा थेट रक्तवाहिनीत गेले, तर ओठांभोवती मुंग्या, तोंडात लोखंडासारखी चव, कानात घोंघावणे, मग झटके आणि हृदयाची लय बिघडणे असे होऊ शकते. ब्लॉक पूर्ण भुलीत दिला तर सुरुवातीच्या खुणा रुग्ण सांगू शकत नाही, म्हणून मात्रा वजनावर मोजतात. रोपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाची कमाल मर्यादा किलोमागे साधारण ३ मिलिग्रॅम; ५८ किलोला १७४. चार जागी १५ मिलिलिटर, ०.२ टक्के तीव्रतेचे दिले तर एकूण १२० होते, म्हणजे मर्यादेच्या बरेच आत. हेच गणित ४० किलोच्या आजीबाईंना लावले, तर १२० ही नेमकी सीमारेषा ठरते, तेव्हा तिथे मात्रा कमी करावी लागते. उतारा म्हणून २० टक्के लिपिड इमल्शन, म्हणजे दुधासारखे दिसणारे स्निग्ध सलाईन, ऑपरेशन थिएटरात हवे. ते आहे का असे विचारलेत तर चांगला भूलतज्ज्ञ रागावणार नाही, उलट कपाट उघडून दाखवील.

ओहोटी

हे आम्हाला तीन वर्षांपूर्वी कोणी समजावले असते तर! सुरंगीताई, अप्पांचे कळवा.

सुरंगी

आज रविवार, शस्त्रक्रियेनंतरचा पाचवा दिवस. गाठ पूर्ण निघाली आहे असे डॉक्टर म्हणतात. तपासणीचा अहवाल यायचा आहे.

सोमवारी भूलतज्ज्ञांना चिरेबद्दल विचारले. चीर बेंबीच्या वरही चार बोटे जाणार होती, म्हणून चारही जागी ब्लॉक देणार असल्याचे त्यांनी सांगितले आणि लिपिड इमल्शनची बाटली खरोखरच कपाटातून काढून दाखवली. ब्लॉक मंगळवारी दुपारी दीडला दिला, तो मी कागदावर लिहिला. संध्याकाळी सिस्टरांनी स्पिरिटचा बोळा आधी अप्पांच्या दंडाला आणि मग पोटाला लावून थंड लागते का ते पाहिले. दंडाला लागत होते, पोटाला नाही. अप्पा म्हणाले, ‘हे पोट माझे नव्हेच.’ त्यांनी स्वतःहून कूस बदलली, तेव्हा मी बाहेर जाऊन थोडे रडले.

रात्री दहाला बाटली लावायला सांगितली, तेव्हा धाकटा भाऊ म्हणालाच, की झोपलेत तर कशाला उठवायचे. मी हा धागा त्याच्यापुढे धरला. पहाटे तीनला अप्पा जागे झाले. पडल्या पडल्या दोन म्हणाले. खोकायला लावले तेव्हा सहा. आणखी एक इंजेक्शन मिळाले आणि अर्ध्या तासात खोकतानाचे चार झाले. आत खोलवर पिळल्यासारखे होते, असे मात्र ते दोन दिवस म्हणत होते, जे गुंगीवाल्यांनी आधीच सांगितले होते. बुधवारी सकाळी खुर्चीत बसले, शुक्रवारी वारा सरला आणि काल पेज प्यायले. थोरल्या काकांचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही.

उद्या घरी सोडणार आहेत. रत्नागिरी ते देवगड गाडीने न्यायचे आहे आणि रस्त्याचे काय सांगायचे!

रात्रपाळी

निघण्यापूर्वी अर्धा तास ठरलेली गोळी द्या. पुढच्या सीटवर बसवा, उशी चिरेवर आणि पट्टा तिच्यावरून घ्या. दर तासाला गाडी थांबवून त्यांना चार पावले चालवा.

चिरेबंदी

आणि ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा, की गाडीत हापूसच्या पेट्या आहेत असे समजून चालव.

सुरंगी

भाऊच चालवणार आहे. उशी आत्ताच गाडीत ठेवून आले.